दहा हजार संगणक आणि एक अपडेट

घरचा फोन रात्री चार्जिंगला लावावा, सकाळी तो आपला आपण अपडेट होऊन बसलेला असतो. एखाद्या अ‍ॅपचं चिन्ह जरा वेगळं दिसतं, तेवढं सोडलं तर आपल्याला पत्ताही लागत नाही. मग ऑफिसातला वर्ड आणि एक्सेल पुढच्या आवृत्तीवर न्यायला आयटी विभागाला सहा-सहा महिने का लागतात? त्यांचे मेल येत राहतात: तुमचा विभाग दुसऱ्या टप्प्यात आहे, शुक्रवारी लॅपटॉप बंद करू नका, काही बिघडलं तर कळवा. वाचणाऱ्याला वाटतं, एक बटण दाबायचं तर केवढं हे अवडंबर!

१४ ऑक्टोबर २०२५ च्या आगेमागे हा प्रश्न बऱ्याच जणांना पडला असेल. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि त्याच दिवशी, वर्ड-एक्सेल ज्यात येतात त्या मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस या संचाच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचाही. सपोर्ट संपला म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडलं असं नव्हे. दुसऱ्या दिवशीही वर्ड उघडत होता, एक्सेल बेरजा करत होता. एवढंच की पुढे त्यात दोष सापडला, तर बनवणारी कंपनी तो दुरुस्त करून देणार नव्हती. तारीख कित्येक वर्षं आधीपासून माहीत होती. तरी अशा तारखा जवळ आल्या की धांदल उडतेच.

यात आयटीवाल्यांचा आळस किती आणि कामाचा स्वभाव किती? माझं मत आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअर टाकणं हा यातला सोपा भाग. त्या सॉफ्टवेअरवर लोकांनी काय काय टांगून ठेवलंय ते शोधणं, हे खरं काम.

## डागडुजी वेगळी, नवी भिंत वेगळी

एक मोठी, जुनी, माणसांनी भरलेली इमारत डोळ्यांसमोर आणा. भिंतीला भेग गेली, ती बुजवली, वरून रंगाचा हात मारला, हे झालं अपडेट. ती भिंतच उतरवून तिथे नवी बांधली, हे अपग्रेड. भेग बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे शब्दशः ठिगळच.

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून आपले पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा देते. दिवस ठरलेला असला की मोठ्या संस्थांना माणसं आणि वेळ राखून ठेवता येतो. या दिवसाला ‘पॅच ट्युसडे’ असं नावच पडलं. त्याच्या दुसऱ्या दिवसाला आयटीवाले ‘एक्सप्लॉइट वेन्सडे’ म्हणतात, म्हणजे फायदा उठवणाऱ्यांचा बुधवार. या थट्टेत तथ्य आहे, ते पुढे कळेल.

अपग्रेडचा दणका वेगळा असतो. ऑफिस २००३ वरून २००७ वर जाताना जुने मेनू जाऊन रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी आली, फाइलींचा साचा बदलला, आणि वर्षानुवर्षं हाताला पाठ झालेली बटणं जागची हलली. अशी उलथापालथ तेव्हा काही वर्षांतून एकदा व्हायची. आता वर्गणीवर चालणाऱ्या ऑफिसमध्ये नव्या सोयी पॅचच्याच गाडीतून थोड्या थोड्या येत राहतात. भिंत एकदम पडत नाही, एकेक वीट बदलत राहते. सोयीचं आहे, पण ‘आता सगळं तपासून घेऊ’ असं म्हणण्याचा मुहूर्तच त्यामुळे उरत नाही.

## थांबलं तर काय बिघडतं?

वर्डमध्ये गणिती समीकरणं लिहायला पूर्वी एक छोटा जोडकार्यक्रम असायचा, इक्वेशन एडिटर. ऑफिस २००७ मध्ये समीकरणांची नवी सोय आली, पण जुन्या कागदपत्रांतली समीकरणं उघडता यावीत म्हणून हा जुना तुकडा तसाच ठेवला गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की त्यात एक मोठी फट आहे. तो तुकडा २००० सालच्या नोव्हेंबरात तयार झाला होता, म्हणजे फट सतरा वर्षं तिथेच होती. मुद्दाम तयार केलेली वर्ड फाइल कुणी नुसती उघडली, तरी हल्लेखोराला त्या संगणकावर आपला कोड चालवता येत होता. मायक्रोसॉफ्टने १४ नोव्हेंबर २०१७ ला पॅच दिला, आणि लगोलग त्याच तुकड्यात दुसरी फट निघाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये तो अख्खा काढूनच टाकला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मे २०२० मध्ये अमेरिकेच्या सायबरसुरक्षा यंत्रणांनी २०१६ ते २०१९ या काळात हल्लेखोरांनी सर्वाधिक वापरलेल्या दहा फटींची यादी काढली, आणि त्यात ही होती. पॅच फुकट उपलब्ध होता. तो टाकलेला नव्हता, एवढंच.

‘संशयास्पद फाइल उघडायचीच नाही, मग कशाला भ्यायचं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी मार्च २०२३ चं, ऑफिसमधल्या आउटलुक या मेलच्या कार्यक्रमाचं प्रकरण आहे. आउटलुकमध्ये रिमाइंडरला आपल्या पसंतीचा आवाज लावता येतो. हल्लेखोर असा निरोप पाठवू शकत होते की ज्याच्या रिमाइंडरचा आवाज त्यांच्याच सर्व्हरवर ठेवलेला असे. तो आवाज आणायला आउटलुक त्या सर्व्हरचं दार ठोठावायचा, आणि ओळख पटवताना वापरणाऱ्याच्या पासवर्डापासून बनलेला सांकेतिक ठसा तिथे देऊन यायचा. माणसाने मेल उघडायचीसुद्धा गरज नव्हती. अशा वेळी ‘कर्मचाऱ्यांनी सावध राहावं’ या सूचनेला काही अर्थ उरत नाही, पॅच हाच इलाज.

आता त्या बुधवारकडे येऊ. पॅच जाहीर झाला की तो चांगल्यांच्या हातात पडतो तसा वाईटांच्याही. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं की भेग नेमकी कुठे होती ते उघड होतं. म्हणजे दुरुस्ती हीच फटीची जाहिरात होते, आणि ज्यांनी ती अजून लावलेली नाही त्यांचं घड्याळ तिथून सुरू होतं. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ ला जगभर थैमान घातलं. त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या फटीचा पॅच १४ मार्चला आलेला होता. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, त्या फटीवरचं तयार हत्यारच चोरट्यांनी इंटरनेटवर टाकलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी निदान ८० रुग्णालय-न्यासांना या हल्ल्याची झळ बसली. पॅच आणि हल्ला यांच्यात ५९ दिवस होते.

## मग आल्या आल्या टाकून मोकळं का होऊ नये?

कारण ठिगळ लावतानाही टाका चुकतो.

डिसेंबर २०१४ च्या दुसऱ्या मंगळवारी ऑफिसचा एक सुरक्षा पॅच आला. तो बसल्यावर अनेकांच्या एक्सेल फाइलींमधली बटणं मेली. ‘हिशोब करा’, ‘छापा’, ‘पुढच्या पानावर जा’ अशी लोकांनी स्वतः बसवलेली बटणं दिसत होती, पण दाबली जात नव्हती. कारण क्षुल्लक होतं. ऑफिसने वेग वाढवण्यासाठी संगणकावर साठवून ठेवलेल्या काही तात्पुरत्या फाइली नव्या पॅचशी जुळेनाशा झाल्या होत्या. त्या पुसल्या की बटणं जिवंत होत. एका संगणकावर हे दोन मिनिटांचं काम आहे. दहा हजार संगणकांवर, आणि तेही कारण अजून कुणाला माहीत नसताना, तो पूर्ण आठवडा खातो.

१२ नोव्हेंबर २०१९ चं प्रकरण याहून वाईट होतं. त्या दिवशीच्या सुरक्षा पॅचनंतर अ‍ॅक्सेसमध्ये (माहिती साठवायचा ऑफिसमधला कार्यक्रम) साठवलेल्या नोंदी बदलण्याच्या साध्या आज्ञा, म्हणजे क्वेरी, ‘क्वेरी खराब आहे’ असं सांगून अडू लागल्या. क्वेरी ठणठणीत होती, बिघाड पॅचमध्ये होता. काही आवृत्त्यांसाठी दुरुस्ती यायला आठवडे लागले. तोवर संस्थांपुढे पर्याय होते ते असे: पॅच काढा आणि फट उघडी ठेवा, किंवा प्रत्येक फाइलमध्ये हाताने पर्यायी वाट बसवा.

जुलै २०२४ मधली क्राउडस्ट्राइक या कंपनीची घटना ऑफिस सॉफ्टवेअरची नव्हे, पण या चर्चेत ती टाळता येत नाही. संगणकाचं रक्षण करणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल १९ जुलैला सगळ्या ग्राहकांकडे एकदमच गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले होते. यात एक बारकावा बातम्यांच्या गदारोळात हरवला. अनेक ग्राहकांनी ‘आम्हाला नवी आवृत्ती लगेच नको, एक पायरी मागची द्या’ असं आधीच निवडून ठेवलं होतं. पण तो पर्याय मुख्य सॉफ्टवेअरपुरता होता. रोजच्या रोज येणाऱ्या या छोट्या फाइलींना तो लागूच नव्हता. सावधगिरी बाळगूनही ती माणसं सापडली, कारण आपण नेमकं कशाला थांबवू शकतो आणि कशाला नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

थोडक्यात, उशीर केला तर चोर आणि घाई केली तर स्वतःच्याच हाताने खोळंबा.

## भिंतीतले खिळे

इमारतीच्या उपमेकडे परत जाऊ. भिंत मालकाची असते, पण तिच्यात खिळे ठोकतो राहणारा. कुणी तसबीर लावतो, कुणी पंख्याची वायर फिरवतो, कुणी अख्खी फळी बसवून वर जड पेटी ठेवतो. कुठलाही खिळा इमारतीच्या नकाशात नसतो. भिंत पाडायची वेळ आली की मगच कळतं.

ऑफिस सॉफ्टवेअरमधले हे खिळे म्हणजे मॅक्रो आणि अ‍ॅड-इन. मॅक्रो म्हणजे फाइलच्या आत लिहून ठेवलेली आज्ञांची मालिका, अमुक बटण दाबलं की ही पन्नास कामं ओळीने कर. अ‍ॅड-इन म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला, वर्ड-एक्सेलला बाहेरून जोडलेला तुकडा, उदाहरणार्थ हिशोबाच्या प्रणालीतून आकडे थेट एक्सेलमध्ये ओढणारा.

समजा, लेखा विभागातल्या कुणा हुशार माणसाने बारा वर्षांपूर्वी पगाराच्या वजावटी जुळवायला एक मॅक्रो लिहिला. तो शिकलेला होता लेखापाल म्हणून, प्रोग्रामर म्हणून नव्हे. मॅक्रो मात्र उत्तम चालला. मग तो दुसऱ्या शाखेने उचलला, तिसऱ्याने त्यात भर घातली. मूळ माणूस निवृत्त झाला. आज दर महिन्याच्या अखेरीला ती फाइल उघडते, बटण दाबलं जातं आणि चार हजार लोकांचे पगार बरोबर निघतात. आयटी विभागाच्या कुठल्याही यादीत ही फाइल नाही. त्यांच्या लेखी हा संगणक म्हणजे ‘ऑफिस २०१६, एक नग’.

आता अपग्रेड करा. नवी आवृत्ती बहुधा ६४-बिट असेल. ऑफिस २०१९ पासून तीच नेहमीची निवड आहे. जुनी ३२-बिट होती. ३२ आणि ६४ ही संगणक एका घासात किती लांबीचा पत्ता हाताळतो त्याची मापं आहेत. वापरणाऱ्याला पडद्यावर काही फरक दिसत नाही. पण ३२-बिटसाठी बनवलेली अ‍ॅड-इन ६४-बिट ऑफिसमध्ये चढतच नाही, आणि विंडोजच्या आतल्या सोयी थेट हाताळणाऱ्या मॅक्रोंमधल्या काही ओळी बदलाव्या लागतात. ओळी मोजक्याच असतात, पण त्या बदलणार कोण? लिहिणारा निवृत्त झालाय, वापरणाऱ्याला त्या समजत नाहीत, आणि आयटीला तर फाइल असल्याचंच माहीत नाही.

म्हणून अपग्रेडची तयारी यादीपासून सुरू होते. कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती, कोणत्या अ‍ॅड-इन आणि कोणते मॅक्रो आहेत हे शोधायची साधनं मिळतात, आणि मोठ्या संस्थेत ती चालवली की हजारो मॅक्रोफाइली निघतात. सगळ्या तपासणं अशक्य, म्हणून महत्त्वाच्या तेवढ्या निवडाव्या लागतात. पण साधन फार तर फाइल कधी उघडली गेली एवढंच सांगेल. तिच्यावाचून कुणाचं अडेल ते सांगणार नाही. ते विचारायला माणसांकडेच जावं लागतं, आणि सहा महिन्यांतले चार महिने तिथे जातात.

जुन्याचं ओझं बनवणाऱ्या कंपनीलाही सुटत नाही, याचा एक गमतीदार पुरावा एक्सेलमध्येच आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. एक्सेलला मात्र आजही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मान्य आहे. लोटस १-२-३ या त्या काळच्या लोकप्रिय हिशोब-कार्यक्रमात ती चूक होती, आणि त्याच्या फाइली एक्सेलमध्ये तशाच चालाव्यात म्हणून ती जाणूनबुजून उचलली. आता सुधारायला गेलं तर जगभरातल्या फाइलींमधल्या तारखा एका दिवसाने सरकतील.

याच्या उलट टोकाचं उदाहरण इंग्लंडचं. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या साच्याच्या फाइलींत भरली जात होती. त्या साच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. भरली की पुढचं गुपचूप सांडतं. २००७ मध्ये आलेल्या नव्या साच्यात दहा लाखांवर ओळी बसतात. म्हणजे सोय येऊन तेरा वर्षं झाली होती. भिंत केव्हाच नवी झाली होती, पेटी मात्र जुन्याच फळीवर ठेवली जात होती.

## आधी कुणाला?

चोर आणि खोळंबा या दोन्हींमधून वाट काढायची रीत सगळीकडे साधारण सारखीच आहे: सगळ्यांना एकदम द्यायचं नाही. आधी शंभरात एक, मग दहा, मग उरलेले. पहिल्या छोट्या गटाला पायलट म्हणतात. पहिल्या गटात चार-आठ दिवस काही मोडलं नाही तर पुढचा गट.

इथे एक चूक हमखास होते. पहिला गट म्हणून आयटी विभाग स्वतःलाच निवडतो. शितावरून भाताची परीक्षा होते, ती सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो म्हणून. संस्थेतले संगणक तसे नसतात. आयटीवाल्यांकडे नवे लॅपटॉप असतात, मॅक्रो जवळजवळ नसतात, आणि काही बिघडलं तर ते स्वतः सुधारून कुणाला सांगतही नाहीत. त्यांच्याकडे सगळं सुरळीत चाललं, याचा अर्थ फक्त त्यांच्याकडे चाललं. पायलटमध्ये हवा तो लेखा विभागातला, जुना संगणक वापरणारा, दिवसाला तीस एक्सेल फाइली उघडणारा आणि जरा तक्रारखोर माणूस. तुम्हाला अशी निवडीची मेल आली असेल तर ती शिक्षा समजू नका. तुमच्या फाइली इतरांच्या आधी तपासल्या जाणार आहेत, आणि बिघडलं तर त्या वेळी मदत करायला आयटीवाले मोकळे असणार आहेत.

वेळही पाहावी लागते. महिन्याची अखेर, आर्थिक वर्षाची अखेर, निकालाचा आठवडा असे काही दिवस बदलबंदीचे ठेवतात. पण हल्ला सुरू झालेल्या फटीचा पॅच असेल तर बदलबंदी मोडायचा अधिकार कुणाला, हे शांत असताना ठरवून ठेवलेलं बरं. आग लागल्यावर बैठक बोलावता येत नाही.

वर्गणीवाल्या ऑफिसमध्ये ही टप्प्यांची कल्पना कंपनीनेच काही अंशी बांधून दिलीय. ‘चॅनल’ निवडायचा, म्हणजे नव्या सोयी किती वेगाने हव्यात ते सांगायचं: तयार होताच, महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, किंवा वर्षातून दोनदा. सुरक्षेचे पॅच तिन्हींत दर महिन्याला येतातच. मोफत लिबरऑफिसमध्येही दर सहा महिन्यांनी नवी मोठी आवृत्ती येते आणि तिच्या मागे एक जास्त तावून-सुलाखून घेतलेली आवृत्ती चालू असते. संस्थेत सगळ्यांना एकच चॅनल द्यायचं कारण नाही. पायलटवाल्यांना वेगवान, पगारवाल्यांना संथ.

## एका नळाने सगळ्यांना पाणी

हा भाग लवकर उरकतो, गणित साधं आहे. अपडेट एक जीबीचं, संगणक दहा हजार, म्हणजे दहा हजार जीबी. संस्थेची इंटरनेट जोडणी सेकंदाला एक गिगाबिट (म्हणजे जीबीचा आठवा हिस्सा) वेगाची धरली आणि बाकी सगळी कामं थांबवून ती फक्त याला दिली, तरी बावीस तास लागतील. म्हणून संगणकांना एकमेकांकडून घ्यायला लावतात: मजल्यावरचा एक जण बाहेरून आणतो, शेजारचे त्याच्याकडून तुकडे तुकडे उचलतात. किंवा शाखेत एक साठवणीचा सर्व्हर ठेवतात. घरून काम करणारे यात बसत नाहीत; त्यांना थेट कंपनीच्या सर्व्हरवरूनच घेऊ दिलेलं बरं, नाहीतर संस्थेच्या नळातून पाणी घरी जाऊन परत येतं.

## शेवटचे पाचशे

अहवालात ‘पंचाण्णव टक्के पूर्ण’ असं हिरवं दिसतं तेव्हा वरिष्ठ मंडळी टाळ्या वाजवतात. दहा हजारांतले पाच टक्के म्हणजे पाचशे संगणक. हल्लेखोराला एक पुरतो.

हे पाचशे कोण? कुणी दीर्घ रजेवर आहे आणि लॅपटॉप कपाटात आहे. कुणाच्या डिस्कवर जागा नाही. कुणी संगणक आठवडेच्या आठवडे बंदच करत नाही, झाकण लावतो आणि उघडतो. ऑफिसचं अपडेट मागच्या मागे उतरून तयार बसलेलं असतं, पण वर्ड, एक्सेल, आउटलुक बंद झाल्याशिवाय ते लागू शकत नाही. अहवालात हा संगणक ‘डाउनलोड झालं’ असा दिसतो आणि वाचणारा ते ‘झालं’ असं वाचतो. आयटीकडून वारंवार येणाऱ्या ‘एकदा रीस्टार्ट करा’ या विनवणीमागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. ‘नंतर आठवण करा’ हे बटण रोज दाबणारा माणूस त्या पाचशेंत असतो, आणि खरं सांगायचं तर मीही कधीकधी असतो.

काही जणांना मुद्दामच मागे ठेवावं लागतं. एखाद्या यंत्राला जोडलेला, जुन्याच आवृत्तीवर चालणारा संगणक असतो, आणि यंत्र बदलणं परवडत नाही. अशांना नेटवर्कपासून तोडून वेगळं ठेवतात आणि अपवादाच्या वहीत नोंद करतात. त्या नोंदीला संपण्याची तारीख आणि एका माणसाचं नाव हवं. नाहीतर अपवाद तिथे कायमचा राहायला येतो.

## बिघडलंच तर मागे फिरता येतं का?

बहुतेकदा येतं, पण फुकटात नाही. मागच्या आवृत्तीवर परत जाण्याला रोलबॅक म्हणतात. सुरक्षा पॅच मागे घेतला की फट पुन्हा उघडते, आणि आता तर ती सगळ्यांना माहीत असते. शिवाय मधल्या दिवसांत नव्या आवृत्तीत तयार झालेल्या फाइलींत एखादं नवं सूत्र वापरलेलं असेल, तर जुन्या एक्सेलमध्ये त्या जागी चूक दिसते. सॉफ्टवेअर मागे येतं, फाइली येत नाहीत.

क्राउडस्ट्राइकच्या वेळी आणखी एक धडा मिळाला. कोलमडलेले संगणक सुरूच होत नसल्यामुळे दुरून दुरुस्ती पाठवता येईना. प्रत्येकापाशी माणूस जावा लागला, आणि डिस्क सांकेतिक कुलपात असेल तर ते उघडण्याची लांबलचक किल्लीही लागली. किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच कोलमडलेला असेल, तर बसा. परतीची वाट कागदावर असून भागत नाही, ती एकदा चालून पाहिलेली असावी लागते.

## ‘आमचं जुनंच बरं चाललंय’

हा आक्षेप मूर्खपणाचा नाही. नवी आवृत्ती येते तेव्हा माणूस काही दिवस मंदावतो, बटणं शोधतो, वैतागतो. तो खर्च अपग्रेडच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो, आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली एक चित्रफितीचा दुवा पाठवून हात झटकणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. या तक्रारीत मी कर्मचाऱ्यांच्या बाजूने आहे. पण जुनं ‘चाललंय’ हे फक्त वापरणाऱ्याच्या बाजूने खरं. फट असली तरी एक्सेल बेरीज बरोबरच करतो. भेगेतून पाणी आत येईपर्यंत भिंतही बरीच चाललेली असते.

आणि जुन्यावर राहण्याचं कर्ज साठत जातं. दर वर्षी थोडं बदलणाऱ्याला थोडे खिळे सापडतात. दहा वर्षांनी एकदम बदलणाऱ्याला सगळे एकदम, आणि तेव्हा ठोकणारे निघून गेलेले असतात.

## ‘सगळं ब्राउझरमध्ये नेलं की कटकट मिटली’

टाकण्याची कटकट खरंच मिटते. दहा हजार संगणक, बावीस तास, कपाटातला लॅपटॉप हे सगळं गळून पडतं, कारण बदल सर्व्हरवर एकदाच होतो. पण मग थांबायचा हक्कही बराचसा जातो. बटण उद्यापासून डावीकडे असेल तर ते सगळ्यांसाठी डावीकडे असेल. खिळे तर तिथे वेगळ्याच जातीचे लागतात. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये जुने मॅक्रो चालत नाहीत. विंडोजसाठीचा नवा आउटलुकही याच वळणावर गेलाय: जुन्या पद्धतीच्या अ‍ॅड-इन त्यात चालत नाहीत, वेबसाठी लिहिलेल्याच चालतात. तेव्हा यादी करणं, माणसांकडे जाणं, ‘ही फाइल कोण वापरतं?’ असं विचारत फिरणं हे काम तसंच राहतं.

घाईत काही संस्थांनी तिसरीच वाट धरली असेल: ऑफिस २०१६ किंवा २०१९ काढून २०२१ ची आवृत्ती टाकली, ती जुन्याच्या जवळची आणि वर्गणीची भानगड नाही म्हणून. ऑफिस २०२१ च्या सपोर्टची शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ आहे. म्हणजे जुन्या तारखेपुढे त्यांनी विकत घेतली ती मुदत एका वर्षापेक्षाही एक दिवस कमी.